ओढ्यातून की ओढ्याखालून: माउंटन व्हॅली पाइपलाइनच्या एका बदलाची छाननी

१९ फेब्रुवारी २०२१ रोजी अमेरिकेच्या केंद्रीय ऊर्जा नियामक आयोगाकडे एक अर्ज दाखल झाला. माउंटन व्हॅली नावाची नैसर्गिक वायूची पाइपलाइन बरीचशी टाकून झाली होती. उरले होते ते मुख्यतः ओढे, नाले, नद्या आणि पाणथळ जागा. कंपनीचं म्हणणं असं, की यांतल्या बऱ्याच ठिकाणी आता पात्रात चर खणायचा नाही, पात्राच्या खालून आडवं भोक पाडून नळ पलीकडे काढायचा. अशी ठिकाणं १२०, आणि त्यांत मिळून ओढे-पाणथळ १८० हून जास्त. सोबत दोन किरकोळ मागण्या होत्या. दोन जागी मार्ग थोडासा सरकवायचा आणि आठ ठिकाणी रात्रंदिवस काम करू द्यायचं. नळाचा व्यास तोच, वायू तितकाच, मार्गही जवळपास तोच.

यात भांडण्यासारखं काय आहे? ओढा फोडण्यापेक्षा त्याच्या खालून गेलेलं बरं, हे शेंबडं पोरही सांगेल. आयोगाच्या कर्मचाऱ्यांनी सहा महिन्यांनी दिलेलं उत्तरही थोडक्यात हेच होतं, आणि विचारलेल्या प्रश्नापुरतं ते बरोबर होतं असं मला वाटतं. मला हे प्रकरण लिहावंसं वाटलं ते त्या उत्तरासाठी नाही. प्रश्न इतका छोटा कसा झाला, त्यासाठी.

मागची गोष्ट

पाइपलाइन ३०३ मैलांची, म्हणजे सुमारे ४८८ किलोमीटर. वेस्ट व्हर्जिनियाच्या वायव्येकडल्या वेट्झेल काउंटीतून निघून व्हर्जिनियाच्या दक्षिणेला पिटसिल्व्हेनिया काउंटीत जुन्या ट्रान्सको वाहिनीला जाऊन मिळते. व्यास ४२ इंच. माणूस वाकून आत शिरेल एवढा. क्षमता दिवसाला दोन अब्ज घनफूट. वाटेत अॅपलाचियन पर्वतरांगा आडव्या येतात. तीव्र उतार, पातळ माती, आणि बऱ्याच टप्प्यात चुनखडीची पोकळ जमीन, जिथे एका ठिकाणी जिरलेलं पाणी पार दुसऱ्याच झऱ्यातून वर येतं. मूळ आराखड्यात पाण्याची हजारांहून अधिक ठिकाणं ओलांडायची होती.

जून २०१७ मध्ये आयोगाने संपूर्ण पर्यावरणीय आघात अहवाल काढला. जंगलतोडीचा परिणाम मोठा असेल हे त्यात मान्य केलं होतं. बाकीचे परिणाम योग्य काळजी घेतली तर फारसे गंभीर राहणार नाहीत, असा एकूण सूर. १३ ऑक्टोबर २०१७ रोजी आयोगाने दोन विरुद्ध एक मतांनी सार्वजनिक सोय आणि गरज यांचं प्रमाणपत्र दिलं. विरोधात मत देणाऱ्या आयुक्त शेरिल लाफ्लर होत्या. या प्रमाणपत्राचं वजन आपल्याकडच्या वाचकाला चटकन लक्षात येत नाही. ते हातात आलं की कंपनीला जमीनमालकाच्या मर्जीविरुद्धही जमिनीचा हक्क घेता येतो. त्यामुळे एकदा ते मिळालं की पुढचे सगळे वाद 'पाइपलाइन हवी का' यावरून 'पाइपलाइन कशी' यावर घसरतात.

२०१८ च्या सुरुवातीला काम सुरू झालं. त्याच वर्षाअखेर वायू सोडायचा आणि खर्च साडेतीन अब्ज डॉलरच्या आसपास ठेवायचा, असा बेत होता. उतारावरची माती मात्र पहिल्याच पावसाळी वर्षात खाली आली. गाळ अडवायच्या जाळ्या फाटल्या, रस्त्यांवर आणि ओढ्यांत चिखल गेला. व्हर्जिनिया राज्याने डिसेंबर २०१८ मध्ये कंपनीवर दावा लावला. पुढच्या वर्षी २१.५ लाख डॉलर भरून तो मिटला. एलिस्टनजवळ आंदोलक झाडांवर जाऊन बसले ते ९३२ दिवस. पोलिसांनी त्यांना उतरवलं मार्च २०२१ मध्ये, म्हणजे आपला अर्ज दाखल झाल्यानंतर महिनाभराने.

पद्धत बदलायचं खरं कारण

आता मुख्य गाठ. ओढा ओलांडायची मूळ पद्धत होती कोरडा खुला चर. पात्रात वरच्या अंगाला बांध घालायचा, पाणी पंपाने किंवा मोठ्या नळातून खालच्या अंगाला सोडायचं, मधला पट्टा कोरडा झाला की चर खणायचा, नळ ठेवायचा, भरून घ्यायचा, बांध काढायचा. आयोगाच्या नियमात दहा फुटांपर्यंत रुंदीच्या ओढ्याचं पात्रातलं काम २४ तासांत आणि शंभर फुटांपर्यंतच्या पात्राचं ४८ तासांत उरकायची अपेक्षा असते. काम झटपट होतं. पण बांध घालताना आणि विशेषतः काढताना गाळाची एक लाट खाली जातेच.

चर खणून भरणं म्हणजे कायद्याच्या भाषेत पाण्यात भराव टाकणं. स्वच्छ पाणी कायद्याच्या ४०४ व्या कलमाखाली त्याला लष्कराच्या अभियंता दलाचा परवाना लागतो. कंपनीने सुरुवातीला वेगळा, तपशीलवार परवाना मागितलाच नव्हता. छोट्या-मोठ्या वाहिन्यांसाठी देशभर लागू असलेला एक ठोक परवाना असतो, त्याखाली हे सगळे ओढे बसवले होते. तो ठोक परवाना वेस्ट व्हर्जिनियात वापरायचा तर राज्याची एक अट होती: पात्रातलं काम ७२ तासांत संपलं पाहिजे. एल्क, गॉली, ग्रीनब्रायर आणि मेडो या नद्यांवर ते शक्यच नव्हतं. तिथे आठवडे लागणार होते. अभियंता दलाने राज्याची अट बाजूला ठेवून त्या जागी स्वतःची अट घातली. चौथ्या सर्किट अपील न्यायालयाने (या भागातल्या राज्यांसाठीचं केंद्रीय अपील न्यायालय) ऑक्टोबर २०१८ मध्ये सांगितलं की तसा अधिकार दलाला नाही, आणि परवाना रद्द केला. २०२० मध्ये तो पुन्हा दिला गेला. नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने त्यालाही स्थगिती दिली.

आता कंपनीच्या वकिलांच्या जागी बसून बघा. ओढ्यात भराव टाकला तर परवाना लागतो आणि तो न्यायालयात टिकत नाही. ओढ्याच्या खालून गेलं तर? भराव नाही, म्हणून ४०४ चा परवाना नाही. आधी पहिल्या ७७ मैलांपुरती हीच युक्ती करून पाहिली होती. जानेवारी २०२१ मध्ये आयोगात त्यावर दोन विरुद्ध दोन अशी मतं पडली आणि मागणी तिथेच अडकली. मग कंपनीने ठोक परवान्याचा नाद सोडला. उरलेल्या ओलांडण्यांचे दोन गट केले. एका गटासाठी अभियंता दलाकडे स्वतंत्र परवाना मागितला आणि चर कायम ठेवला. दुसरा गट जमिनीखालून न्यायचं ठरवून आयोगाकडे आणला. आपण पाहतोय तो हा दुसरा गट.

म्हणजे पर्यावरणाला सौम्य अशी पद्धत निवडली गेली ती कायद्याच्या अडचणीतून. याचा अर्थ पद्धत वाईट ठरते असं मुळीच नाही. पण अर्जात 'परिणाम कमी होतील' हे वाक्य पुन्हा पुन्हा येतं तेव्हा वाचणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं, की कोणत्या ओढ्याखालून जायचं आणि कोणता फोडायचा ही वाटणी करताना मासे हा एकच निकष नव्हता.

खालून जाणं म्हणजे नेमकं काय

या भागावर थोडं रेंगाळतो, कारण छाननीचा खरा ऐवज इथे आहे.

बहुतेक ठिकाणी साधं बोअरिंग करायचं होतं. ओढ्याच्या दोन्ही काठांवर खड्डे घ्यायचे. एका खड्ड्यात यंत्र उतरवायचं. पोलादी आवरणाच्या आत फिरणारं मळसूत्र माती-खडक कापत पलीकडच्या खड्ड्याकडे सरकतं आणि कापलेला माल मागे ओढून आणतं. यात चिखलाचा दाब वापरावा लागत नाही, म्हणून जमिनीच्या भेगांतून तो पात्रात उसळायची भीतीही नसते. काही मोजक्या ठिकाणी सूक्ष्म बोगद्याची पद्धत होती. तिच्यात बेंटोनाइट नावाची चिकणमाती मिसळलेलं पाणी फिरतं, म्हणून तिथे गळतीवर लक्ष ठेवायची योजना लागते.

कागदावर ओढा अस्पर्श राहतो. काठावर मात्र वेगळंच चित्र असतं. पात्राच्या तळापासून पुरेसं खाली जायचं, आणि दोन्ही बाजूंना डोंगराचा उतार, म्हणजे खड्डा भलताच खोल घ्यावा लागतो. त्यातून निघालेली माती त्याच उतारावर रचून ठेवायची. खड्ड्यात भूजल झिरपतं. ते सतत उपसून गाळून सोडायचं. खडक लागला तर सुरुंग. चराने एक-दोन दिवसांत झालं असतं ते काम इथे अनेक दिवस, कधी आठवडे चालतं. भोक अर्ध्यावर असताना यंत्र बंद ठेवणं धोक्याचं असतं, म्हणून त्या आठ जागी रात्रीचं काम मागितलं होतं. रात्री आजूबाजूच्या घरांना आवाज जातो. आयोग साधारण दिवस-रात्रीच्या सरासरीत ५५ डेसिबल ही पातळी मानतो आणि तिच्यावर गेलं की आवाजरोधक भिंती किंवा रहिवाशांसाठी तात्पुरती दुसरीकडे सोय अशा उपायांची चर्चा सुरू होते.

थोडक्यात, माशांचा त्रास माणसांकडे आणि पात्रातला त्रास काठाकडे सरकतो. तरीही गोळाबेरीज सहसा बोअरिंगच्या बाजूने झुकते. पात्रातल्या गाळाने माशांची अंडी आणि दगडाखालचे किडे गुदमरतात, आणि या खोऱ्यांत रोअनोक लॉगपर्च आणि कँडी डार्टरसारखे, तेव्हा संरक्षित यादीत असलेले मासे आहेत. रात्रीच्या आवाजाला शेवटची तारीख असते. अधिवासात साचलेला गाळ मात्र बराच काळ तिथेच राहतो.

छाननी

मार्च २०२१ मध्ये आयोगाने जाहीर केलं की या दुरुस्तीसाठी पर्यावरण मूल्यांकन करू. मूल्यांकन हा छोटा दस्तऐवज. २०१७ चा होता तो आघात अहवाल, मोठा. राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्यात नियम असा, की परिणाम लक्षणीय असतील तर मोठा अहवाल, आणि ते माहीत नसेल तर आधी छोटं मूल्यांकन करून 'लक्षणीय परिणाम नाही' असं म्हणता येतं का ते बघायचं.

या आयोगाच्या इंग्रजी लघुरूपाचा उच्चार 'फर्क' असा होतो. त्याने या वेळी नेमका फरकच तपासला, दुसरं काही नाही.

विरोधकांनी आणि अनेक रहिवाशांनी कळवलं की नवा आघात अहवाल करा. २०१७ पासून बरंच काही बदललंय, हे त्यांचं म्हणणं. धूप प्रत्यक्षात झाली. कँडी डार्टर २०१८ च्या शेवटी संकटग्रस्त यादीत गेला. खर्च आणि वेळ दोन्ही हाताबाहेर गेले. कंपनी ९२ टक्के काम झाल्याचं सांगत होती. तिच्याच प्रगती अहवालांवर बोट ठेवून टीकाकार म्हणत की जमीन पूर्ववत करण्यापर्यंतचं काम धरलं तर ते जेमतेम निम्म्याच्या पुढे आहे. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे होते! नळ जमिनीत गेला की काम झालं, की उतारावर गवत उभं राहिलं की झालं, हे कोण मोजतंय त्यावर ठरतं.

आयोगाची भूमिका साधी होती. वाहिनीला परवानगी २०१७ मध्ये मिळाली आहे. समोर आहे तो ओलांडायच्या पद्धतीतला बदल. म्हणून आम्ही खुल्या चराशी बोअरिंगची तुलना करू. १३ ऑगस्ट २०२१ रोजी मूल्यांकन आलं. त्यात वरच्या सगळ्या बाबी आहेत: खड्डे, माती, भूजल, विहिरी, आवाज, हवा, संरक्षित जीव, रात्रीचं काम. निष्कर्ष असा, की सांगितलेल्या उपाययोजना पाळल्या तर दुरुस्तीचा परिणाम लक्षणीय नाही आणि मंजूर पद्धतीपेक्षा पाण्यावर भार कमी पडतो.

तुलनेची ही रचना पुन्हा नीट बघितली पाहिजे. एका पारड्यात नवी पद्धत आणि दुसऱ्यात कागदावर मंजूर असलेली जुनी पद्धत. ओढा आज आहे तसाच राहील ही तिसरी शक्यता मूल्यांकनात 'काहीच न करण्याचा पर्याय' म्हणून येते खरी, पण तिला वजन मिळत नाही. का? कारण दुरुस्ती नाकारली तरी मूळ प्रमाणपत्र जागेवरच राहतं. प्रत्यक्षात त्या क्षणी जुन्या पद्धतीला वैध परवाना नव्हता. न्यायालयाने तो अडवला होता, म्हणून तर हा अर्ज आला. कायद्याने अडलेली गोष्ट तुलनेत मात्र आधाररेषा बनली. आयोगाच्या नजरेतून हे तर्कशुद्धही आहे; प्रत्येक दुरुस्तीला मूळ निर्णय उकरायचा ठरवलं तर कुठलाच प्रकल्प पुरा होणार नाही. पण मूळ अहवालातले अंदाज मैदानात चुकलेले दिसत असताना त्यांच्यावरच पुढची तुलना उभी करायची, हा या छाननीचा सगळ्यात कच्चा दुवा आहे असं माझं मत.

न्यायालयाने नेमकं हेच पकडलं, फक्त दुसऱ्या दाराने.

जानेवारी आणि फेब्रुवारी २०२२

पाइपलाइनचा सुमारे साडेतीन मैलांचा तुकडा जेफरसन राष्ट्रीय वनातून जातो. तिथली परवानगी वनसेवा आणि भूव्यवस्थापन विभागाची. ती एकदा २०१८ मध्ये रद्द झाली होती. जानेवारी २०२१ मध्ये पुन्हा दिली गेली. २५ जानेवारी २०२२ रोजी चौथ्या सर्किटने ती पुन्हा रद्द केली. कारणांत दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत.

पहिली: वनसेवेने गाळाचे अंदाज संगणकीय प्रारूपावरून बांधले, पण अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची ओढ्यांवर बसवलेली मोजणी केंद्रं बांधकामाच्या काळात प्रत्यक्ष काय नोंदवत होती, ते प्रारूपाशी पडताळून पाहिलं नाही. दुसरी आणखी बोलकी: वनातले ओढे बोअरिंगने ओलांडायला वनसेवेने हिरवा कंदील दिला तेव्हा आयोगाचं मूल्यांकन झालंच नव्हतं. बोअरिंग सौम्य आहे हे गृहीत धरून चालू नका, तपासा आणि मग परवानगी द्या, असं न्यायालयाने सांगितलं. सुरुवातीला ज्याला मी शेंबड्या पोरालाही कळेल असं म्हटलं, ते न्यायालयाने पुराव्याशिवाय मान्य केलं नाही. अपेक्षित उत्तर बरोबर असलं तरी तिथवर पोचायची वाट वगळता येत नाही.

पुढच्याच आठवड्यात, ३ फेब्रुवारीला, त्याच न्यायालयाने मत्स्य व वन्यजीव सेवेचा जैविक अभिप्राय, म्हणजे संरक्षित जीवांवर प्रकल्पाचा काय परिणाम होईल याबद्दलचं अधिकृत मत, रद्द केला. लॉगपर्च आणि डार्टर आज कोणत्या अवस्थेत आहेत, त्यांच्यावर आधीपासून कोणकोणते ताण आहेत, म्हणजे आधाररेषा आणि साचत जाणारे परिणाम, हे पुरेसं तपासलं नाही म्हणून. दोन आठवड्यांत दोन निकाल, आणि दोन्हींचा रोख एकच: तुम्ही कशाशी तुलना करताय ते आधी दाखवा.

आयोगाच्या मूल्यांकनावर हे निकाल थेट लागू नव्हते. ८ एप्रिल २०२२ रोजी आयोगाने प्रमाणपत्रात दुरुस्ती मंजूर केली. बोअरिंगला हो, मार्ग सरकवायला हो, रात्रीच्या कामाला अटींसह हो. बाकीच्या केंद्रीय परवानग्या पुन्हा मिळाल्याशिवाय काम सुरू करता येणार नव्हतं, आणि त्या परवानग्या तर नुकत्याच कोसळल्या होत्या. मंजुरी फायलीत, यंत्रं आवारात.

तिढा सुटला तो कोणत्याच छाननीने नाही

३ जून २०२३ रोजी कर्जमर्यादेचा कायदा झाला. त्याच्या ३२४ व्या कलमात या एका पाइपलाइनचं नाव घेऊन लिहिलं होतं, की तिला लागणाऱ्या सगळ्या केंद्रीय परवानग्या मान्य धरल्या जातील आणि त्यांच्याविरुद्ध न्यायालयात जाता येणार नाही. वेस्ट व्हर्जिनियाचे सिनेटर जो मँचिन यासाठी बराच काळ झटत होते. देशाची उधारीची मर्यादा वाढवायच्या विधेयकात ओढे ओलांडायची परवानगी, हा संसदीय कौशल्याचा नमुना म्हणायचा की काय, ते वाचकाने ठरवावं. त्याच महिन्यात अभियंता दलाने ४०४ चा परवाना दिला आणि आयोगाने काम सुरू करायला सांगितलं. जुलैत चौथ्या सर्किटने पुन्हा स्थगिती दिली. २७ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने ती उठवली.

गंमत अशी, की बोअरिंगच्या गटाला ज्या परवान्यापासून वाचवायचं होतं तो परवाना आता हातात होता.

१ मे २०२४ रोजी रोअनोक काउंटीतल्या बेंट माउंटनजवळ पाण्याच्या दाबाची चाचणी घेताना नळाचा एक भाग फुटला आणि गढूळ पाणी शेतातून ओढ्यात गेलं. चाचणी घेतातच ती दोष वायू सोडण्याआधी दिसावेत म्हणून, हे कंपनीचं म्हणणं खोटं नाही. पण वर्षानुवर्षं उन्हात पडून राहिलेल्या नळांच्या लेपाबद्दल रहिवासी जे विचारत होते, त्याला त्या दिवशी जोर आला. १४ जून २०२४ रोजी पाइपलाइन सुरू झाली. खर्च सुमारे ७.८५ अब्ज डॉलर.

आणि पुढचा अर्ज

याच कंपनीच्या साउथगेट नावाच्या फाट्याला आयोगाने २०२० मध्ये मंजुरी दिली होती. ७५ मैल, उत्तर कॅरोलिनातल्या अॅलामान्स काउंटीपर्यंत. त्यासाठी व्हर्जिनियात एक कॉम्प्रेसर केंद्र, म्हणजे वायू दाबून पुढे ढकलणारं केंद्र, लागणार होतं. डिसेंबर २०२१ मध्ये राज्याच्या हवा मंडळाने त्याला परवाना नाकारला. २०२३ च्या अखेरीस कंपनीने आराखडाच बदलला. आता लांबी ३१ मैल, कॉम्प्रेसर नाही, पण व्यास ३० इंच आणि क्षमता पहिल्यापेक्षा जास्त, दिवसाला ३७५ दशलक्ष घनफुटांच्या जागी ५५० दशलक्ष. २०२५ मध्ये ते आयोगाकडे आलं. नवीन प्रकल्प म्हणून नाही, २०२० च्या प्रमाणपत्रातली दुरुस्ती म्हणून.

ओलांडायचे ओढे आधीपेक्षा कमी, तोडायची झाडं कमी, बाधित जमीन कमी. कमी कशापेक्षा, तर त्या ७५ मैलांपेक्षा, ज्यातला एक फूटही नळ कधी जमिनीत गेला नव्हता.